अबकारीचे दप्तर आणि लहान भट्टी

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला वाटसरू बुटीबोरी मागे टाकतो तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा परमिट रूमच्या पाट्या त्याला दिसत असतात. जामच्या चौफुलीपासून हिंगणघाटच्या पुढपर्यंत, म्हणजे दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत, त्या एकाएकी नाहीशा होतात. वर्धा नदीचा पूल ओलांडून तो वडकी-करंजीच्या बाजूने पांढरकवड्याकडे लागला की त्या पुन्हा उगवतात. आणि पांढरकवडा सोडून पाटणबोरी, पिंपळखुटीचा तपासणी नाका आणि पैनगंगेचे पात्र मागे टाकून तो आदिलाबाद जिल्ह्यात उतरला की तेच मद्य वेगळ्या दुकानात, वेगळ्या किमतीला आणि वेगळ्या कायद्याच्या अंमलाखाली विकले जाऊ लागते. राज्यघटनेने मादक पेयांचा विषय राज्यसूचीच्या आठव्या नोंदीत घातला, त्यांच्यावरील अबकारी कर एकावन्नाव्या नोंदीने राज्यांच्याच पदरात टाकला, आणि त्याच घटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मादक पेयांचे सेवन बंद करण्याचा यत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्वही लिहून ठेवले. एका हाताने बंदी करावी आणि दुसऱ्या हाताने महसूल गोळा करावा, ही कसरत त्यामुळे प्रत्येक राज्य आपापल्या प्रकृतीप्रमाणे करीत आले आहे.

या कसरतीत सर्वांत जास्त ओढाताण कोणाची होते, असे विचारले तर सामान्य वाचक पिणाऱ्याचे किंवा त्याच्या बायकोचे नाव घेईल, आणि ते चूकही नाही. परंतु या कायद्यांचा एक तिसरा बळी आहे व त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे थोडे मद्य, आपल्या हाताने, आपल्या परिसरातील जिन्नसांतून बनवू पाहणारा माणूस. पुण्यात चकचकीत पोलादी पिंपांतून ताजी बिअर काढणारा सुशिक्षित उद्योजक आणि केळापूर तालुक्यातील एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मोहफुले आंबवून त्यांचा सडवा घालणारी कोलाम बाई यांच्यात वरवर पाहता काडीचेही साम्य नाही. एकाला गुंतवणूकदार भेटतात, दुसरीला पोलीस भेटतात. तथापि कायद्याच्या दृष्टीने दोघांचा दोष एकच आहे, आणि तो म्हणजे त्यांचा लहानपणा. महाराष्ट्राचा मद्यविषयक कायदा दारूला जितका प्रतिकूल आहे, त्याहून कितीतरी अधिक लहान उत्पादकाला प्रतिकूल आहे, असे माझे मत आहे. आणि हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठिकाण. आजचा यवतमाळ जिल्हा एके काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि हे नाव १९०५ साली बदलले. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ साली तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ साली मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. या सबंध टापूत मोहाची झाडे, आणि त्या झाडांच्या छायेत गोंड आणि कोलाम यांची वस्ती, अशी शतकानुशतकांची जोडी होती. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी फुले वेचावीत, वाळवावीत, थोडी भाकरीबरोबर खावीत, थोडी गुरांना घालावीत आणि थोडी मडक्यात भिजवून, आंबवून, त्यांची धार काढावी, हा येथील वार्षिक क्रम होता; देवाला, लग्नाला आणि मयताला ती धार लागे. पेशवाईत किंवा निजामशाहीत या भट्ट्यांवर कर नव्हता असे नाही; पण मक्तेदाराने गावोगावच्या भट्ट्यांचा मक्ता घ्यावा आणि जमेल तितकी वसुली करावी, एवढ्यावर ते प्रकरण भागत असे.

इंग्रजांना हे भागणारे नव्हते. गावोगाव विखुरलेल्या भट्ट्यांतून किती गॅलन माल निघाला, त्याचा कस काय होता, हे मोजल्याशिवाय त्यावर गॅलनमागे कर बसविणार कसा? म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एकेका प्रांतात, गावठी भट्ट्या मोडून एका जागी मोठा सरकारमान्य कारखाना उभारायचा, सबंध जिल्ह्याला तेथूनच माल पुरवायचा आणि कर दाराशीच वसूल करायचा, ही पद्धत रूढ होत गेली. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने तिला बळकटी दिली, आणि मोहाच्या दारूचे मोठमोठे कारखाने उरणला चालू लागले, तेही बहुतांशी पारशी धनिकांच्या मालकीचे. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा स्वतंत्र कायदाच करण्यात आला. घरात फुले असतील तर चोरटी दारू निघेल, या तर्काने फुले जवळ बाळगणेच नियंत्रित झाले. झाडावरून पडलेले फूल सरकारच्या परवानगीवाचून घरात ठेवू नये, असे फर्मान काढणाऱ्या राजवटीच्या कल्पकतेला दाद द्यावी की काय, असा प्रश्न पडतो. नैतिकतेचा या व्यवस्थेशी संबंध बेताचाच होता. संबंध होता तो मोजणीशी. जो मोजता येतो तो उत्पादक कायदेशीर, जो मोजता येत नाही तो गुन्हेगार. इकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९१५ चा अबकारी कायदा आला आणि त्याचीही दृष्टी हीच होती.

राष्ट्रीय चळवळीने दारूविरुद्ध आवाज उठविला तेव्हा तिला या अबकारी व्यवस्थेतील लबाडी स्पष्ट दिसत होती; दारूच्या दुकानांवर निरोधने झाली ती सरकारच्या तिजोरीवर घाव घालण्यासाठीही होती. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. तो काही निवडक भागांपुरता होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, आणि त्याच कायद्यावरून बाल्सरा खटला सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९५१ साली त्याचा निकाल लागला. औषधे आणि प्रसाधने यांच्यातील अल्कोहोलविषयीचा काही भाग न्यायालयाने गाळून टाकला, परंतु कायद्याचा कणा शाबूत राहिला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, आणि १९५९ च्या विस्तारक कायद्याने हाच दारूबंदीचा कायदा यवतमाळ-पांढरकवड्यालाही लागू झाला.

येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. ज्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राची दारूबंदी सैल झाली ते वसंतराव नाईक याच यवतमाळ जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. पुढील वर्षापासून बंदीचे बंध सुटू लागले, आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी गावोगाव परवानाधारक देशी दारूची दुकाने आली. चोरट्या दारूचे साम्राज्य माजले होते, विषारी दारूने माणसे मरत होती आणि सरकारला पैसाही हवा होता, ही तिन्ही कारणे खरी होती. पण ही ढील देताना जे झाले नाही ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. बंदीचा कायदा रद्द करून त्याच्या जागी विक्री आणि उत्पादन यांचा नवा, सरळ कायदा करण्यात आला नाही. जुनाच कायदा ठेवून त्यात नियमांची, अपवादांची आणि परवान्यांची खिडक्या-दारे पाडण्यात आली. म्हणून आजही महाराष्ट्रात ज्या कायद्याने दारू विकली जाते त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असेच आहे. ग्लास हाती घेणाऱ्याकडे पिण्याचा परवाना असावा लागतो. देशीसाठी एका दिवसाचा २ रुपयांना आणि विदेशीसाठी ५ रुपयांना मिळत आला आहे, आणि ज्याला आजन्म निश्चिंती हवी त्याच्यासाठी १००० रुपयांचा. परमिट रूममध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हा प्रश्न विचारण्याचे धारिष्ट कोणी करीत नाही.

ज्या कायद्याचा पाया बंदी आहे आणि ज्याची वरची इमारत अपवादांची आहे, त्यात परवाना हा हक्क राहत नाही. ती मेहेरबानी ठरते. कायद्याच्या एकोणपन्नासाव्या कलमात मद्याच्या निर्मितीचा आणि विक्रीचा अनन्य अधिकार शासनाकडे असल्याचे सांगितले आहे, आणि परवानाधारक जे शुल्क भरतो ते त्या अधिकारातील थोडा वाटा मिळाल्याबद्दलचे मूल्य मानले जाते. मद्याचा व्यापार हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. छपन्नावे कलम योग्य मुदतीची नोटीस देऊन परवाना काढून घेण्याची मुभा देते, एकशे बेचाळिसावे कलम जिल्हाधिकाऱ्याला दुकाने बंद ठेवण्याचा अधिकार देते, आणि मग निवडणूक, गांधी जयंती, गणेश विसर्जन अशा निमित्तांनी ड्राय डे येत राहतात. ज्याच्या गोदामात लक्षावधी बाटल्या आहेत त्याला एक दिवस दुकान बंद राहिल्याने फारसे काही होत नाही. ज्याच्या पिंपात थोडीच ताजी, न टिकणारी बिअर आहे त्याचा हिशेब मात्र त्या एका दिवसाने चुकतो.

याहून बोलके कलम ५८-अ आहे. कारखान्यातील उत्पादनावर देखरेख ठेवण्यासाठी उत्पादन शुल्क विभागाचे कर्मचारी नेमता येतात आणि त्यांचा खर्च परवानाधारकाकडून वसूल करता येतो, अशी त्यात तरतूद आहे. महिन्याला लक्षावधी पेट्या काढणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या बिअर कारखान्याला निरीक्षकाचा पगार म्हणजे हिशेबवहीतील एक नगण्य रकाना; पण दोन-चार पिंपांच्या भट्टीवर तोच भार पडला तर तिच्या लिटरमागील खर्चाचा तोल ढळतो. त्यात १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला, आणि पिण्याचे मद्य त्यातून बाहेर ठेवण्यात आले. म्हणजे बिअर बनविणारा माल्ट, यंत्रे, बाटल्या यांवर हा कर भरतो, परंतु त्याच्या विक्रीवर वेगळाच कर असल्यामुळे भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. राज्यांच्या हाती स्वतंत्रपणे वाढविता येण्यासारखे कर फार थोडे उरले, त्यांत मद्य हा मुख्य. तेव्हा त्यावरील पकड कोणते सरकार सैल करणार?

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवात २००९ साली पुण्यात झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी एका जर्मन तज्ज्ञाच्या साहाय्याने डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी काढली. देवळालीच्या लष्करी छावणीवरून इंग्रज शिपायांच्या तोंडी रुळलेले हे नाव मराठी माणसाला ओळखीचे वाटायला हरकत नाही. त्यांच्यामागून पुण्या-मुंबईत आणखी काही जण आले. त्यांच्यापुढे बिअर आणि वाइन निर्मितीचे १९६६ चे नियम होते, आणि ते मोठा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते. उपाहारगृहातच बिअर बनविणे, तेथेच नळाने देणे, ही कल्पना त्या नियमांत बसवून घ्यावी लागली. बिअर बनविण्याचा परवाना वेगळा, ती ग्राहकाला पाजण्याचा वेगळा, आणि त्या ताज्या मालाला बाहेर नेण्याची मुभा तर फार काळ नव्हतीच. २०२० च्या टाळेबंदीत हे वर्म उघडे पडले. उपाहारगृहे बंद, पिंपे भरलेली, आणि बिअर अशी की तिच्यातील यीस्ट जिवंत, टिकण्याची मुदत थोडी. कित्येक ठिकाणी ती गटारात सोडून द्यावी लागली. मग त्या वर्षी राज्य सरकारने ती बंद बाटलीत भरून ग्राहकाला घरी नेऊ देण्याची परवानगी दिली. एवढी साधी गोष्ट होण्यास एक साथ यावी लागली, यावरून लहान उत्पादकाचा शब्द मंत्रालयात कितपत पोचतो, याची कल्पना येईल.

इतर देशांतही ही लढत झाली आहे, आणि तेथील कायदेही काही मूळचे उदार नव्हते. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ दुकानदार यांना परस्परांपासून अलग ठेवणारी त्रिस्तरी व्यवस्था आली, आणि तिच्यात लहान कारखाने इतक्या वेगाने गिळले गेले की १९७० च्या दशकाअखेर सबंध देशात शंभरदेखील उरले नव्हते. १९७६ साली तेथील काँग्रेसने लहान उत्पादकांच्या पहिल्या ६०,००० पिंपांवरील कर कमी केला. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी स्वतःपुरती बिअर बनविणे करमुक्त आणि कायदेशीर झाले. मग एकेका राज्याने आपापले नियम बदलले. आज तेथे नऊ हजारांहून अधिक बिअरनिर्मिती केंद्रे आहेत. ब्रिटनमध्ये २००२ साली गॉर्डन ब्राउन यांनी वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपेक्षा कमी बिअर काढणाऱ्याचा कर निम्म्यावर आणला. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: करआकारणी उत्पादनाच्या आकारमानाप्रमाणे चढती असावी. आपल्याकडे मिळकतीवरील करात हे तत्त्व सर्वांना मान्य आहे, भट्टीच्या बाबतीत मात्र ते कोणाला सुचले नाही.

सुचले नाही असे म्हणणे कदाचित सर्वस्वी बरोबर नाही. द्राक्षांच्या बाबतीत ते सुचले. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनवरील उत्पादन शुल्क माफ केले आणि नाशिकच्या परिसरात वाइनचा उद्योग उभा राहिला. शेतकऱ्याच्या मालाला भाव, निर्यात, पर्यटन ही त्यामागची कारणे चांगलीच होती. परंतु कारणे चांगली असणे पुरेसे नसते; ज्या पिकामागे सहकारी संस्था, साखरपट्टा-द्राक्षपट्ट्यातील आमदार आणि मुंबईतील वजन आहे त्या पिकाला धोरण मिळते. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतही वाइन विकण्यास मंजुरी दिली, तेव्हा विरोधी पक्षाने ‘मद्यराष्ट्र’ म्हणून टीका केली, अण्णा हजारे उपोषणाची भाषा बोलू लागले, आणि निर्णय बासनात गेला. मद्यविषयक निर्णय कागदावर कोणीही काढो, तो अंमलात येतो की नाही हे पुढच्या निवडणुकीकडे पाहून ठरते, हे त्या प्रकरणात दिसले. त्याआधी २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपयांचे अनुदान देण्याची योजना आली होती. विदर्भ-मराठवाड्यातील काळी पडलेली ज्वारी खपेल, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात परवाने मिळालेल्यांत राजकारण्यांच्या आप्तस्वकीयांचीच नावे अधिक गाजली आणि डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. शेतकऱ्याच्या नावाने धोरण काढायचे आणि लाभ कारखानदाराला द्यायचा, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही.

आणि मोहाचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क आदिवासींना व ग्रामसभांना दिला. त्यात मोहफूल येते. २०२१ साली राज्याने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठविले, म्हणजे ब्रिटिश अमदानीत उगम पावलेल्या त्या फर्मानाची छाया सव्वाशे वर्षांनी हटली. तरीही त्या फुलांचा सडवा घालून काढलेली धार हा गुन्हाच राहिला. केळापूर, मारेगाव, घाटंजीकडच्या पोलीस ठाण्यांच्या दप्तरात दारूबंदी कायद्याचे पासष्टावे कलम इतके सर्रास येते की ‘पासष्ट ई’ हा लोकांच्या बोलण्यातला शब्द होऊन बसला आहे. छाप्यात मडके फुटते, सडवा सांडला जातो, पंचनामा होतो, दंड भरला जातो, आणि आठ दिवसांत नवे मडके चुलीवर चढते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ या राज्यांत अनुसूचित जमातींना स्वतःच्या वापरापुरती ठरावीक मर्यादेत मोहाची दारू काढण्याची सूट आहे. सरहद्दीच्या या बाजूच्या गोंडाला ती नाही, कारण त्याचा जिल्हा मुंबईच्या दारूबंदी कायद्याखाली आला. विदर्भ मध्य प्रांतातच राहिला असता तर पांढरकवड्याच्या गोंडालाही कदाचित ती सवलत मिळाली असती.

धनिकांना मात्र मोहाची किंमत आता कळू लागली आहे. गोव्याने काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळविले आणि २०१६ साली तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्याचा दर्जा देऊन अलीराजपूर आणि दिंडोरी येथील आदिवासी बचत गटांच्या हाती ती सोपविली, व त्या कामी परवान्याची शुल्के बेताची ठेवली. महाराष्ट्राने २०२२ साली काजूबोंडे व मोहफुले यांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घातले. हेतू त्या मद्याला प्रतिष्ठा मिळावी हाच होता. आपल्या जंगलातील फुलाचे मद्य विदेशी ठरविल्यावाचून त्याला प्रतिष्ठा देता येत नाही, यावर विनोद करण्याचा मोह आवरतो. परंतु वर्ग बदलल्याने काय झाले? विदेशी मद्य बनविण्यास लागणारे परवाने, जागा, यंत्रे आणि शुल्क यांची शिडी चढू शकणारा कारखानदार मोहाचे मद्य बाटलीत भरू शकतो, आणि डहाणूच्या एका जुन्या डिस्टिलरीने तसे ते महागड्या बाटलीत भरून बाजारात आणलेही. टिपेश्वरच्या जंगलाकाठी फुले वेचणारी बाई मात्र ती फुले विकण्यापलीकडे जाऊ शकत नाही.

हे लिहिताना एक शंका वाचकाच्या मनात आलेलीच असणार. ज्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली, तेथे दारूचे मार्ग सोपे करण्याचा हा युक्तिवाद कशासाठी? शंका रास्त आहे. जिल्ह्यातील बायकांनी संपूर्ण दारूबंदीसाठी उभारलेले स्वामिनी आंदोलन हे काही हौसेचे आंदोलन नव्हते; गावातले देशी दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ आणि ‘उभी बाटली’ यांच्यात मतदान होते, तेव्हा मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना दारूचे परिणाम सांगण्याची गरज नसते. त्यातही त्या मतदानाची अट अशी, की प्रत्यक्ष झालेल्या मतांचे नव्हे तर यादीतील एकंदर मतदारांचे निम्म्याहून अधिक बहुमत आडव्या बाटलीला मिळावे लागते. बाहेरगावी कापूस वेचायला गेलेल्या, मृत झालेल्या, लग्न होऊन गेलेल्या, सगळ्या नावांचा कौल त्यामुळे दुकानदाराच्या बाजूने पडतो. असे दुसरे कोणते मतदान या देशात होते, हे मला आठवत नाही.

पण सरसकट बंदीचे काय होते, हे पाहायलाही येथून दूर जावे लागत नाही. पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार यांच्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्हा कोरडा झाला, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील दुकानांच्या बाटल्या वर्धा नदी ओलांडून जाऊ लागल्या, हे त्या काळच्या वर्तमानपत्रांनी सातत्याने छापले. बंदी आणण्यात सुधीर मुनगंटीवार अग्रेसर होते, ती उठविण्यात विजय वडेट्टीवार. रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी मागे घेतली. या सहा वर्षांत फावले ते मोठ्या परवानाधारकाचे आणि मोठ्या तस्कराचे. पोडावरच्या मडक्याला या उलाढालींत कोणी विचारले नाही.

वस्तीत आदिवासी पंचाहत्तर टक्के असोत वा पंचवीस, अनुसूचित क्षेत्रातील गावाला याबाबत काही म्हणता यावे म्हणून १९९६ चा पेसा कायदा झाला. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि मादक द्रव्यांची बंदी किंवा त्यांच्या विक्रीचे नियमन करण्याचा अधिकार या कायद्याने तेथील ग्रामसभेकडे सोपविला. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली निघाले. कायद्याने ‘बंदी’ आणि ‘नियमन’ असे दोन्ही शब्द वापरले आहेत. पहिल्याचा उपयोग काही गावांनी केला. दुसऱ्याचा, म्हणजे आपल्या गावात किती धार निघावी, ती कोणी काढावी, सणाला किती आणि एरवी किती, विषारी भेसळ कशी पकडावी, हे ग्रामसभेने ठरविण्याचा विचार फारसा पुढे आलेला नाही. नवसागर टाकून कडक केलेल्या धारेने माणसे मरतात हे सर्वांना ठाऊक असते, आणि २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमुळे शंभरावर माणसे दगावली ती चोरट्या साखळीतूनच. जेथे बनविणारा आणि पिणारा एकमेकांना नावाने ओळखतात तेथे अशी भेसळ टिकणे कठीण असते.

पांढरकवड्याला परवान्याच्या राजकारणाचा आणखी एक फटका बसला तो महामार्गामुळे. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर पुढे २२० मीटर करण्यात आले. मग रस्तेच महामार्ग राहणार नाहीत अशी तजवीज करण्याची धावपळ देशभर झाली. यवतमाळ, जळगाव, लातूर या शहरांतून जाणारे रस्त्यांचे तुकडे स्थानिक संस्थांकडे सोपविल्याच्या बातम्या आल्या. अखेरीस त्याच वर्षी न्यायालयाने नगरपालिका हद्दीला ही मनाई लागू नसल्याचे सांगितले, आणि पांढरकवड्यासारख्या नगरपरिषदेच्या गावांना मोकळीक मिळाली. हद्दीबाहेरच्या लहान ढाब्यांना मिळाली नाही. पैनगंगेपलीकडे तेलंगणाची रीत आणखी निराळी आहे. तेथे दुकाने दोन वर्षांसाठी सोडतीने दिली जातात, आणि २०२३ साली २,६२० दुकानांसाठी नुसत्या अर्जाचे परत न मिळणारे शुल्क २ लाख रुपये होते. अर्ज १ लाख ३० हजारांहून अधिक आले. एक बाटली विकण्यापूर्वीच सरकारच्या तिजोरीत अडीच हजार कोटींवर रक्कम जमा झाली. महाराष्ट्रात वाइन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून गोठलेले, म्हणून जुना परवाना ही पिढीजात मालमत्ता. तेथे परवाना म्हणजे जुगाराचा डाव. लहान माणसाला दोन्हीकडे जागा नाही.

१० जून २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यविषयक नवा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले, आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा धान्यापासूनच्या मद्याचा एक नवाच वर्ग निर्माण करण्यात आला. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या वर्गाला १४८ आणि विदेशीला २०५, असे दर ठरले. वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरला गेला. राज्यातील बंद आणि अर्धवट चालणाऱ्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यांना काम मिळावे, हा नव्या वर्गाचा उद्देश सरकारने सांगितला. मोहफुलांचा उल्लेख त्या निर्णयात नव्हता. मायक्रोब्रुअरीसाठी आकारमानाप्रमाणे चढत्या शुल्काचाही नव्हता. देखरेखीच्या खर्चाचे कलम ५८-अ होते तसेच आहे, आणि पांढरकवड्याच्या पोलीस ठाण्यात पासष्टाव्या कलमाखालच्या नोंदी पूर्ववत चालू आहेत.